यूएसबी कॅमेऱ्याचे चलच्चित्र आणि प्रोसेसरवरील भार : कारणे, निदान व उपाय

प्रयोगशाळेत घडणाऱ्या एखाद्या घटनेची नोंद चलच्चित्राच्या रूपाने घ्यावयाची, तर आज पुष्कळदा संगणकाला यूएसबीमार्गे एक साधा कॅमेरा जोडला की काम भागते. सूक्ष्मदर्शकाखालील कणांची हालचाल, लंबकाचे दोलन, बीजांकुराची वाढ, इत्यादी निरीक्षणांसाठी अशा कॅमेऱ्यांचा सर्रास उपयोग होतो. तथापि हे उपकरण वरकरणी जितके साधे दिसते, तितके त्याचे कार्य साधे नाही. कॅमेरा सुरू करताच संगणकाचा पंखा जोराने फिरू लागावा, प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांच्या घरात जावा आणि पडद्यावरील चित्र अडखळत चालावे, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी संगणकच कमी शक्तीचा आहे असा निष्कर्ष काढून नव्या यंत्राची मागणी नोंदविली जाते. बहुतेक प्रसंगी हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

प्रश्न केवळ सोयीचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु प्रोसेसरला काम झेपेनासे झाले म्हणजे काही फ्रेम गळतात, आणि त्या गळाल्याची कोणतीही सूचना बहुधा मिळत नाही. ज्या चलच्चित्रावरून वेग किंवा त्वरण मोजावयाचे आहे, त्यातील फ्रेम नकळत गळाल्या तर मापनच चुकते. म्हणून ह्या भाराचे मूळ कोठे आहे, ते कसे शोधावे आणि त्याचा परिहार कसा करावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचन मुख्यतः लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या आणि ‘यूएसबी व्हिडिओ क्लास’ ह्या मानकानुसार बनविलेल्या कॅमेऱ्यांपुरते मर्यादित आहे. ह्या मानकाची पहिली आवृत्ती २००३ साली प्रसिद्ध झाली; त्याला अनुसरणारा ‘यूव्हीसीव्हिडिओ’ हा ड्रायव्हर २००८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये समाविष्ट आहे. त्यामुळे बाजारातील बहुसंख्य कॅमेऱ्यांना हे विवेचन लागू पडेल.

टक्केवारीचा अर्थ

प्रथम जो आकडा पाहून आपण चिंतित होतो त्याचा अर्थ निश्चित केला पाहिजे. लिनक्समधील ‘टॉप’ हे साधन सामान्यतः एका कोअरच्या पूर्ण वापराला शंभर टक्के म्हणते. चार कोअर असलेल्या यंत्रावर एखादा प्रोग्राम शंभर टक्के दाखवीत असेल, तर यंत्राच्या एकूण शक्तीचा चौथा हिस्साच खर्च होत असतो. विंडोज प्रणालीतील टास्क मॅनेजर मात्र सर्व कोअर मिळून शंभर टक्के मानतो. एकाच कामाचे दोन यंत्रांवरील आकडे हा भेद ध्यानात न घेता ताडून पाहणे व्यर्थ होय.

दुसरी गोष्ट अशी की, आधुनिक प्रोसेसर काम कमी असताना आपली गती आपोआप उतरवितो. २,४०० मेगाहर्ट्झ गतीने चालताना जे काम १० टक्के भरेल, तेच काम ८०० मेगाहर्ट्झ गतीने स्थूलमानाने ३० टक्के भरेल. काम तेवढेच, बदलते ती फूटपट्टी. म्हणून टक्केवारी नोंदविताना तिच्याशेजारी प्रोसेसरची तत्कालीन गतीही नोंदविली पाहिजे.

ह्यांपेक्षा अधिक उपयुक्त राशी म्हणजे एका फ्रेममागे खर्च होणारा वेळ. सेकंदास ३० फ्रेम येत असतील तर दोन फ्रेमांमधील अंतर सुमारे ३३.३ मिलिसेकंद असते. प्रत्येक फ्रेमवर एका कोअरचे २० मिलिसेकंद खर्च झाले, तर त्या कोअरचा वापर ६० टक्के होतो. हाच वेळ ४० मिलिसेकंद झाला, तर एका कोअरवर चालणाऱ्या प्रोग्रामला सेकंदास २५ पेक्षा अधिक फ्रेम हाताळणे अशक्य होईल, मग उरलेले तीन कोअर स्वस्थ का बसलेले असेनात. चार कोअरच्या यंत्रावर एकूण वापर पंचवीस टक्केच दिसत असताना फ्रेम गळतात ह्याचे कोडे येथे उलगडते.

प्रतिमेचा मार्ग

कॅमेऱ्यातील संवेदकावर प्रत्येक पिक्सेलपाशी लाल, हिरवा किंवा निळा ह्यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. ही रचना कोडॅकमधील ब्राइस बेयर ह्यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे पेटंट १९७६ साली देण्यात आले. गाळण्यांमागील मूल्यांवरून पूर्ण रंगीत प्रतिमा तयार करण्याचे काम साध्या कॅमेऱ्यांत कॅमेऱ्यातीलच चिप करते. त्यानंतर ती प्रतिमा दोहोंपैकी एका रूपात बाहेर पडते. पहिले रूप असंपीडित. त्यात ‘वाययूवायव्ही’ ही मांडणी प्रचलित असून तीत तेजस्वितेचे मूल्य प्रत्येक पिक्सेलचे व वर्णमूल्ये दोन पिक्सेलांना मिळून एकदा, अशी पिक्सेलमागे सरासरी २ बाइट माहिती असते. दुसरे रूप ‘मोशन जेपेग’. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र जेपेग चित्र म्हणून संपीडित केलेली असते.

ही माहिती यूएसबीच्या तारेतून पॅकेटांच्या रूपाने येते. संगणकातील नियंत्रक ती स्मृतीत उतरवितो. ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटाचे शीर्षक वेगळे काढून उरलेला मजकूर एका बफरमध्ये क्रमाने रचतो, आणि फ्रेम पूर्ण झाली की तो बफर प्रोग्रामच्या हवाली करतो. पुढे प्रोग्राम तिचा उलगडा करतो, रंगांची मांडणी बदलतो, मोजमाप करतो, पडद्यावर दाखवितो किंवा पुन्हा संपीडित करून साठवितो. प्रोसेसरवरील भार ह्या साखळीच्या कोणत्याही दुव्यात उत्पन्न होऊ शकतो. म्हणून ‘कॅमेरा प्रोसेसर खातो’ हे विधान निदानाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. कोणता दुवा खातो, हा खरा प्रश्न.

वहनाचे गणित

यूएसबी २.० चा नाममात्र वेग सेकंदास ४८ कोटी बिट आहे. ह्या मार्गावरील काळ १२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत विभागलेला असतो. म्हणजे सेकंदास असे ८,००० तुकडे होतात. बहुतेक कॅमेरे आयसोक्रोनस, म्हणजे ठरावीक कालांतराने हमखास होणाऱ्या, वहनाचा अवलंब करतात. ह्या पद्धतीत एका तुकड्यात एका वाहिनीला अधिकात अधिक १,०२४ बाइटांची तीन पॅकेटे मिळतात. म्हणून एका कॅमेऱ्याची कमाल मर्यादा ३,०७२ गुणिले ८,०००, म्हणजे सेकंदास २,४५,७६,००० बाइट इतकी होते.

आता मागणी पाहू. ६४० गुणिले ४८० पिक्सेलांची असंपीडित फ्रेम ६,१४,४०० बाइटांची असते. सेकंदास ३० फ्रेम धरल्यास १,८४,३२,००० बाइट लागतात. हे मर्यादेत बसते. १२८० गुणिले ७२० साठी तोच आकडा ५,५२,९६,००० होतो; हे बसत नाही, परंतु सेकंदास १० फ्रेम घेतल्यास पुन्हा १,८४,३२,००० बाइट होऊन बसते. १९२० गुणिले १०८० साठी सेकंदास ५ फ्रेमच बसतात. कॅमेऱ्याच्या सूचीमध्ये असंपीडित रूपासमोर ३०, १० आणि ५ असे उतरते आकडे का आढळतात, ह्याचे स्पष्टीकरण ह्या गुणाकारात आहे. मोठी प्रतिमा ३० च्या गतीने हवी असेल, तर यूएसबी २.० वर संपीडित रूपाखेरीज गत्यंतर नाही. आणि संपीडन म्हटले की उलगडा आला. थोडक्यात, तारेवरील भार हलका करावा तर तो प्रोसेसरवर पडतो.

भार कोठे पडतो

जेपेग चित्राचा उलगडा हे ह्या साखळीतील एक जड काम आहे. जेपेगचा पाया असलेले असंतत कोसाइन रूपांतर नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव ह्या भारतीय वंशाच्या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. ह्या पद्धतीत प्रतिमा आठ गुणिले आठ पिक्सेलांच्या चौरसांत विभागली जाते. १९२० गुणिले १०८० च्या प्रतिमेत तेजस्वितेचे ३२,४०० चौरस होतात आणि वर्णमूल्ये निम्म्या आडव्या घनतेने घेतल्यास त्यांचे मिळून तितकेच. म्हणजे प्रत्येक फ्रेमला ६४,८०० आणि सेकंदाला १९,४४,००० व्यस्त रूपांतरे करावी लागतात. त्यापूर्वी हफमन संकेतांचा उलगडा करावा लागतो, आणि तो क्रमानेच होत असल्याने एका फ्रेमचे काम अनेक कोअरांत सहजासहजी वाटता येत नाही.

दुसरे काम रंगांतराचे. पुष्कळ प्रोग्राम प्रतिमा लाल, हिरवा, निळा ह्या तीन बाइटांच्या मांडणीत मागतात. ओपनसीव्ही ही लोकप्रिय लायब्ररी तर न सांगताच असे रंगांतर करून देते. पुढे प्रोग्रामकर्ता तीच प्रतिमा करड्या छटांत परिवर्तित करतो. वस्तुतः वाययूवायव्ही मांडणीत एकाआड एक बाइट तेजस्वितेचाच असतो. म्हणजे जे मूळ रूपात आयते होते, ते गमावून पुन्हा कष्टाने मिळविले जाते.

तिसरे काम नकलांचे. १९२० गुणिले १०८० ची तीन बाइटांची प्रतिमा ६२,२०,८०० बाइटांची असते. तिची एक नक्कल करण्यासाठी तेवढे बाइट वाचावे व तेवढेच लिहावे लागतात. ३० च्या गतीने ही वाहतूक सेकंदास ३७ कोटी बाइटांच्या वर जाते. प्रोग्रामच्या प्रत्येक विभागाने ‘सुरक्षिततेसाठी’ आपली स्वतंत्र नक्कल ठेवली, तर लहान संगणकाची स्मृती त्यातच गुंतून पडते.

चौथे कारण खरे पाहता काम नव्हेच. काही प्रोग्राम फ्रेम आली की नाही हे अखंड विचारीत राहतात. कर्नलला ‘फ्रेम आल्यावर जागे कर’ असे सांगून निद्रिस्त होण्याऐवजी ते रिकामे फेरे घालतात आणि एक कोअर पूर्ण व्यापतात. येथे प्रतिमा लहान केली काय नि मोठी केली काय, वापर शंभर टक्केच राहतो.

पाचवे कारण वहनाचे. आयसोक्रोनस पद्धतीत आरक्षित जागा रिकामी गेली तरी तिचा हिशेब ठेवावाच लागतो. आधुनिक नियंत्रक हे काम बहुतांशी स्वतः करतात आणि अनेक पॅकेटांमागे एकदाच प्रोसेसरला हाक मारतात. परंतु सर्वच यंत्रे इतकी समंजस नसतात. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पाय ह्या छोट्या संगणकात ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर होता; त्यातील यूएसबी नियंत्रक बारीकसारीक बाबींसाठी प्रोसेसरवर अवलंबून असे, आणि काही प्रतिकृतींत इथरनेटची जोडणीही त्याच यूएसबी मार्गावरून जात असे. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत ही रचना बदलून इथरनेट स्वतंत्र झाले व यूएसबी ३.० ची सोय झाली. तेव्हा एका यंत्रावरील अनुभव दुसऱ्यास लावताना अशा भेदांकडे लक्ष दिले पाहिजे.

सहावे आणि पुष्कळदा सर्वांत जड काम पुनर्संपीडनाचे. कॅमेऱ्यातून येणारे मोशन जेपेग उलगडून त्याचे एच.२६४ पद्धतीने पुन्हा संपीडन करण्यात, लागोपाठच्या फ्रेमांत कोणता भाग कोठे सरकला ह्याचा शोध घ्यावा लागतो. हा शोध उलगड्याच्या मानाने कितीतरी महाग असतो.

निदानाची रीत

वैद्य ज्याप्रमाणे एकेक लक्षण वेगळे काढून पाहतो, त्याप्रमाणे येथे एका वेळी एकच राशी बदलून वापरावर होणारा परिणाम पाहावा. फ्रेमांची गती व पिक्सेलांची संख्या ह्या दोहोंच्या प्रमाणात वापर कमीजास्त होत असेल, तर मूळ उलगडा, रंगांतर, नकला किंवा संपीडन ह्यांत आहे. वापर गतीच्या प्रमाणात बदलतो पण प्रतिमेच्या आकाराने बदलत नाही, असे दिसल्यास प्रत्येक फ्रेममागे होणाऱ्या एखाद्या स्थिर खर्चाचा संशय घ्यावा. दोहोंपैकी कशानेच फरक पडत नसेल, तर प्रोग्राम रिकामे फेरे घालीत आहे असे समजावे. आणि वापर प्रोग्रामच्या नावावर न दिसता कर्नलच्या किंवा इंटरप्टच्या खात्यावर दिसत असेल, तर वहनाकडे वळावे.

ह्या अनुमानाची खातरजमा साखळी तोडून करता येते. प्रथम ‘व्हीफोरएलटू-सीटीएल’ ह्या साधनाने फ्रेम नुसत्या घ्याव्यात व टाकून द्याव्यात. उलगडा नाही, प्रदर्शन नाही. ह्या वेळी दिसणारा वापर केवळ वहनाचा. मग उलगडा जोडावा, मग रंगांतर, मग प्रदर्शन, शेवटी संपीडन. प्रत्येक पायरीला आकड्यात पडणारी भर हीच त्या दुव्याची किंमत होय. ‘पर्फ’ हे साधन प्रोसेसरचा वेळ कोणत्या फलनात जात आहे हे नावानिशी दाखविते. त्यात व्यस्त रूपांतराचे फलन अग्रभागी आले, तर अधिक पुराव्याची गरज उरत नाही.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, मागितलेले रूप मिळालेच असे गृहीत धरू नये. ड्रायव्हर न जमणारी मागणी नाकारण्याऐवजी जवळचे रूप देतो. म्हणून प्रत्यक्ष मिळालेले रूप, आकार व गती पुन्हा वाचून पाहावी. दुसरी, प्रकाशाची. मंद उजेडात पुष्कळ कॅमेरे उद्भासनकाल वाढवितात आणि त्यासाठी फ्रेमांची गती परस्पर उतरवितात. मग सायंकाळी वापर कमी दिसतो आणि दुपारी केलेल्या दुरुस्तीस यश आले असा भ्रम होतो. चाचणीच्या वेळी उद्भासन स्वहस्ते स्थिर ठेवावे हे श्रेयस्कर.

उपायांचा क्रम

उपाय योजताना अनावश्यक काम वगळणे हे प्रथम, आवश्यक काम अन्यत्र सोपविणे हे द्वितीय आणि उरलेले काम अधिक वेगाने करणे हे तृतीय, असा क्रम ठेवावा. लंबकाच्या दोलनासाठी ६४० गुणिले ४८० पुरत असेल, तर मोठी प्रतिमा घेण्याचे कारण नाही; आणि ह्या आकारात असंपीडित रूप ३० च्या गतीने मिळत असल्यामुळे उलगड्याचे काम समूळ टळते. केवळ तेजस्विता हवी असल्यास ओपनसीव्हीचे स्वयंचलित रंगांतर बंद करता येते. केवळ साठवावयाचे असेल, तर कॅमेऱ्याने दिलेले संपीडित रूप जसेच्या तसे फाइलीत लिहावे; डिस्क अधिक लागेल, पण प्रोसेसर मोकळा राहील.

पडद्यावर दाखविताना रंगांतर व आकारबदल ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपविता येतो. एच.२६४ संपीडन आवश्यकच असेल, तर त्यासाठी अनेक यंत्रांत खास यंत्रणा असते; ती वापरावी. उलगडा टळत नसेल, तर २०१० पासून उपलब्ध असलेली लिबजेपेग-टर्बो ही लायब्ररी मूळ लिबजेपेगच्या तुलनेत साधारणपणे दोन ते सहा पट वेगाने काम करते, कारण ती एका आज्ञेत अनेक मूल्यांवर क्रिया करते. लहान प्रतिमा पुरत असल्यास उलगडा करतानाच ती निम्मी, चतुर्थांश किंवा अष्टमांश करून मागता येते. त्यामुळे व्यस्त रूपांतराचे पुष्कळसे काम वाचते. शिवाय मोशन जेपेगमधील प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने एका फ्रेमचे नव्हे, तरी निरनिराळ्या फ्रेमांचे काम निरनिराळ्या कोअरांना देता येते.

दोन कॅमेऱ्यांचा प्रश्न

एका यंत्रास दोन कॅमेरे जोडल्यावर दुसरा कॅमेरा सुरूच न होता ‘उपकरणावर जागा शिल्लक नाही’ अशा अर्थाचा संदेश मिळतो. ही जागा डिस्कवरील नव्हे, यूएसबीच्या मार्गावरील आहे. १२५ मायक्रोसेकंदांच्या एका तुकड्यात कमाल ७,५०० बाइट मावतात, आणि नियमानुसार त्यांपैकी ८० टक्के, म्हणजे ६,००० बाइट एवढाच भाग नियतकालिक वहनास देता येतो. प्रत्येक कॅमेऱ्याने ३,०७२ बाइट आरक्षित केले तर दोहोंचे ६,१४४ होतात. प्रत्यक्षात तितकी माहिती यावयाची असो वा नसो, आरक्षण नाकारले जाते. संपीडित रूपात थोडीच माहिती पाठविणारे काही कॅमेरेही कमाल आरक्षण मागतात, हे येथे लक्षात ठेवावे. हब जोडल्याने हा मार्ग रुंद होत नाही, यूएसबी २.० चा कॅमेरा ३.० च्या हबमध्ये बसविला तरी त्याची माहिती २.० च्या तारांवरूनच जाते. खरा उपाय म्हणजे दोन कॅमेरे दोन स्वतंत्र नियंत्रकांवर ठेवणे, किंवा आकार व गती उतरवून आरक्षण कमी करणे.

मापनावरील परिणाम

आता आरंभी सांगितलेल्या मुद्द्याकडे वळू. समजा, मुक्तपणे पडणाऱ्या चेंडूचे चलच्चित्र सेकंदास ३० फ्रेम ह्या गतीने घेतले आहे असे आपण मानतो; परंतु प्रोसेसर थकल्यामुळे दर तीन फ्रेमांपैकी एक गळाली आणि प्रत्यक्षात २० च जमा झाल्या. दोन फ्रेमांतील सरासरी अंतर आपण समजतो त्याच्या दीडपट आहे. म्हणून वेग दीडपट येईल, आणि त्वरण कालाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ते सव्वादोन पट येईल. गुरुत्वीय त्वरण ९.८ ऐवजी २२ च्या आसपास आले, तर चूक तत्काळ ध्यानात येते. परंतु जेथे उत्तर आधी ठाऊक नसते, अशा संशोधनात ती ध्यानात कशी यावी? शिवाय क्वचितच एखादी फ्रेम गळत असेल, तर आलेखावर दिसणारी आकस्मिक उसळी ही निसर्गाची की यंत्राची, हे सांगणे कठीण.

ह्यावरील उपाय हाताशीच आहे. लिनक्सचा ड्रायव्हर प्रत्येक फ्रेमबरोबर तिचा अनुक्रमांक व कालमुद्रा देतो. अनुक्रमांकात खंड पडला तर फ्रेम गळाली. आणि मापनासाठी गृहीत गती न घेता कालमुद्रांतील फरक घेतला, तर मधली फ्रेम गळूनही सरासरी वेग बरोबर येतो. फ्रेम मिळविण्याचे काम व तिच्यावरील गणिताचे काम वेगळ्या धाग्यांत ठेवून मध्ये मर्यादित लांबीची रांग ठेवावी, आणि रांग भरली की टाकलेल्या फ्रेमांची संख्या मोजून ती निष्कर्षाबरोबर नोंदवावी. तापमापकाची अचूकता आपण प्रबंधात नमूद करतो. चलच्चित्रावर आधारलेल्या प्रबंधात प्रतिमेचे रूप, आकार, प्रत्यक्ष गती आणि गळालेल्या फ्रेमांची संख्या ही माहिती तितक्याच अगत्याने दिली पाहिजे.

सारांश, प्रोसेसरवरील भार हा स्वतः रोग नसून लक्षण आहे. पिक्सेल, बाइट आणि मिलिसेकंद ह्यांचा साधा गुणाकार मांडला आणि साखळी एकेका दुव्याने तपासली, तर त्याचे मूळ बहुधा एखाद्या अनावश्यक उलगड्यात, न मागितलेल्या रंगांतरात किंवा रिकाम्या फेऱ्यांत सापडते. नव्या यंत्राची मागणी त्यानंतरही करावी लागली, तर निदान ती कशासाठी हे आपल्याला सांगता येईल.